वाचून दाखवलेला जबाब

मराठीत लिहिलेला पोलिसी जबाब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे शेवटचे वाक्य बहुधा ठाऊक असते. माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. जिल्हा कोणताही असो, गुन्हा कोणताही असो, थोड्याफार फरकाने हेच वाक्य येते आणि त्याखाली ठाणे अंमलदाराची ‘समक्ष’ म्हणून सही होते. या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. सांगणाऱ्याने तोंडाने सांगितले, ही पहिली. आणि वाचलेले त्याने कानाने ऐकले, ही दुसरी. सांगणारी व्यक्ती जन्मतः कर्णबधिर असेल तर दोन्ही गृहीते कोसळतात. नमुन्यात मात्र दुसरे वाक्य नसते.

कर्णबधिर माणूस आणि पोलीस यांच्या गाठीभेटींचा इतिहास लिहायचा तर तो या वाक्याभोवती लिहावा लागेल, असे आम्हांला वाटते. हाताच्या खुणेला आपल्या कायद्याने साक्षीचे मोल दिले, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. ती खूण पहिल्या तासाला, पहिल्या ठाण्यात, वाचायची कोणी, याची सोय मात्र अजूनही बऱ्याच अंशी दैवावर सोडलेली आहे. प्रस्तुत लेखात या दोन टोकांमधले अंतर तपासण्याचा प्रयत्न केला आहे. नजरेसमोर जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातले टेंभुर्णी आहे (सोलापूर जिल्ह्यातल्या प्रसिद्ध टेंभुर्णीशी गल्लत होऊ नये). मोठ्या शहरात होऊ शकणारी सोय अशा गावी होईलच असे नाही, म्हणून कायद्याची परीक्षा तिथेच घ्यावी.

शब्दांची बाजू

मराठी शिकवणाऱ्यांनी आधी शब्दांकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. खेड्यात ‘मुका’ आणि ‘बहिरा’ हे शब्द अजून सर्रास चालतात. कित्येकदा ते विशेषण राहत नाहीत, त्या माणसाचे नावच होऊन बसतात. सरकारी कागदांत पुढे ‘मूकबधिर’ आला आणि आता ‘कर्णबधिर’ रूढ झाला. हा बदल वरवरचा नाही. कर्णबधिर माणसाचा कंठ बहुतेक वेळा शाबूत असतो; ऐकू न आल्यामुळे बोलणे शिकता आलेले नसते, एवढेच. त्याला ‘मुका’ म्हटले की त्याला सांगण्यासारखे काही नाही, असा अर्थ नकळत चिकटतो. संस्कृतातील ‘जड’ या शब्दात मंदबुद्धीचा आणि अबोलपणाचा अर्थ असाच एकत्र नांदतो. इंग्रजीतील ‘डम्ब’ची गतही तीच झाली.

आपल्या वाङ्मयाने मुकेपणाचा उपयोग रूपक म्हणून भरपूर केला. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते, आणि ज्यांना बोलू दिले गेले नाही अशा समाजासाठी ते नाव किती समर्पक होते हे सांगायला नको. पण रूपकाला असा मान मिळत असताना, ज्याला खरोखरच ऐकू येत नाही त्या माणसाकडे आपल्या साहित्यविचाराने फारसे वळून पाहिले नाही. तो आला तो बहुधा विनोदी गोष्टीत: एकाने विचारायचे एक आणि बहिऱ्याने उत्तर द्यायचे भलतेच. ठाण्यात नेमका हाच प्रसंग घडतो तेव्हा त्यात हसण्यासारखे काही उरत नाही.

धर्मशास्त्राने तर त्याला वारसाहक्कातूनही वगळले होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटा न मिळणाऱ्यांच्या यादीत जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड आणि मूक यांची गणना आहे. इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून हा नियम पुढे चालवला. मिताक्षरा पद्धतीपुरता तो हटला १९२८ साली, वारसाहक्कातील अपात्रता दूर करणाऱ्या स्वतंत्र कायद्याने. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात असा एक दीर्घ काळ होता, की जन्मतः कर्णबधिर हिंदू मनुष्य न्यायालयात खुणांनी साक्ष देऊ शकत होता, परंतु बापाच्या शेतात त्याला वाटा मागता येत नव्हता. त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या खटल्यात उपयोगी होते, स्वतःच्या हक्कासाठी नव्हते.

१८७२ चे कलम

ही साक्ष देण्याची वाट जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने मोकळी केली. त्यातील कलम ११९ चा आशय असा: ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही, तो आपले म्हणणे समजेल अशा अन्य रीतीने, लिहून किंवा खुणांनी, सांगू शकतो, मात्र ते लिहिणे आणि त्या खुणा खुल्या न्यायालयात झाल्या पाहिजेत, आणि असा पुरावा ‘तोंडी पुरावा’ मानला जाईल. हाताने सांगितलेले तोंडी मानायचे, ही कल्पना त्या काळासाठी उदार होती यात शंका नाही. त्याच इंग्लंडची परंपरा पाहिली म्हणजे हे औदार्य अधिक जाणवते. आरोपी न्यायालयात गप्प राहिला तर तो हट्टाने मुका आहे की ईश्वरी करणीने, हे तिथे आधी ठरवले जाई. हट्टाने गप्प राहणाऱ्याच्या अंगावर वजने ठेवून त्याला बोलते करण्याची पद्धत १७७२ पर्यंत कायद्यात होती. पुढे १८३६ च्या प्रिचर्ड खटल्यात कर्णबधिर आरोपीसाठी प्रश्नांची जी चौकट ठरली, तिचाही पहिला प्रश्न हाच होता: हा हट्टाने गप्प आहे का?

आपल्याकडे खुणांचा प्रश्न लवकरच कसोटीला लागला. १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे अब्दुल्ला नावाच्या आरोपीचे प्रकरण आले. गळा चिरलेली एक तरुणी मृत्यूपूर्वी बोलू शकत नव्हती. तिला प्रश्न विचारण्यात आले आणि तिने हाताच्या खुणेने उत्तरे दिली. प्रश्न आणि खूण मिळून ते मृत्युपूर्व निवेदन होते, असे बहुमताने ठरले. ही स्त्री कर्णबधिर नव्हती. प्रश्न तिला ऐकू येत होते आणि तिची खूण ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच होती. पण या निर्णयाने एक सवयही लागली. खूण म्हणजे विचारणाऱ्याच्या प्रश्नाला दिलेला होकार किंवा नकार, असे समीकरण मनात बसले. ज्याची सगळी भाषाच खुणांची आहे, जो स्वतःहून सुरुवात करून, क्रम लावून, माणसांचे हावभाव करून हकीकत सांगतो, त्याच्यासाठी हे समीकरण अपुरे आहे.

आरोपीच्या बाबतीतही कायद्याने एक दार ठेवले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३४१ होते, १९७३ च्या संहितेत ते ३१८ झाले आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद टिकून आहे. आरोपी वेडा नाही, पण त्याला कामकाज समजावून देता येत नाही, अशी स्थिती असेल तर खटला चालवता येतो. मात्र त्याला दोषी ठरवले तर कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागतात आणि योग्य तो आदेश तिथून होतो. आरोपीला कळले नाही याची न्यायालयाला टोचणी लागावी, एवढे भान या तरतुदीत आहे. त्याला कळावे यासाठी आधी काय करायचे, याविषयी ती मौन बाळगते.

येथे कलम ११९ मधील ‘खुल्या न्यायालयात’ या शब्दांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. खूण न्यायाधीशासमोर व्हावी, मधल्या कोणी ती बदलू नये, हा त्यामागचा हेतू. पण खटला न्यायालयात पोहोचण्यापूर्वी ठाण्यातून जातो. फिर्याद तिथे लिहिली जाते, पंचनामा तिथून निघतो, कोणाला सोडायचे आणि कोणाला बसवून ठेवायचे हे तिथे ठरते. त्या पायरीवर खुणेचे काय करायचे, हे १८७२ च्या कायद्याने सांगितले नाही. आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे दुसऱ्या कोणी सांगितले नाही.

मराठवाड्याची आठवण

टेंभुर्णीच्या बाबतीत हा इतिहास आणखी एका वळणाने जातो. जाफ्राबाद तालुका बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे. पलीकडचा वऱ्हाड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांच्या अंमलाखाली गेला आणि तिथे इंग्रजी कायदे आले. अलीकडचा भाग हैदराबाद संस्थानात राहिला, तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. संस्थानचे कायदे वेगळे होते. भारतीय पुरावा कायदा या भागाला लागू झाला तो १९५१ साली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला.

निजामाच्या कारभाराची भाषा १८८० च्या दशकापासून उर्दू होती. म्हणजे पलीकडच्या गावातला शेतकरी आणि अलीकडच्या गावातला शेतकरी एकच मराठी बोलत असताना, अलीकडच्याची फिर्याद उर्दूत उतरे. त्याने मराठीत सांगायचे, लिहिणाऱ्याने उर्दूत लिहायचे आणि वाचता न येणाऱ्या कागदावर याने अंगठा उठवायचा. आपण सांगितले तेच लिहिले गेले का, हे कळायला लिहिणाऱ्याच्या सचोटीखेरीज दुसरा आधार नाही. फिर्याद, जबाब, इसम, मुद्देमाल हे आजच्या पोलिसी मराठीतले शब्दही फारसी-अरबी वळणाचे आहेत. ते मराठीत मुरून गेले म्हणून आपल्याला परके वाटत नाहीत, एवढेच.

ही आठवण येथे मुद्दाम काढली, कारण कर्णबधिर माणसाची ठाण्यातली अवस्था समजून घ्यायला मराठवाड्यातील वाचकाला फार लांब जावे लागू नये. त्याच्या आजोबांना कान होते, तोंड होते, बुद्धी होती. तरी कारभाराच्या भाषेपुढे ते बहिरे आणि मुके होते. वैगुण्य त्यांच्यात नव्हते, कागदाच्या भाषेत होते. १९४८ नंतर कागदाची भाषा हळूहळू बदलली आणि ते बोलते झाले. कर्णबधिर माणसासाठी तो कागद अजून बदललेला नाही.

परभणीहून लाहोरपर्यंत

आपल्याच भागातून सुरू झालेली एक हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. गीता या नावाने देशभर माहीत झालेली कर्णबधिर मुलगी २००० नंतरच्या काही वर्षांत, लहान असताना, लाहोरला समझोता एक्स्प्रेसमध्ये पाकिस्तानी रेंजर्सना सापडली. तिला ईधी फाउंडेशनकडे सोपवण्यात आले. कराचीत बिल्किस ईधी यांनी तिला वाढवले. आधी फातिमा म्हटले आणि ती हिंदू आहे हे लक्षात आल्यावर गीता हे नाव दिले. जुलै २०१५ मध्ये ‘बजरंगी भाईजान’ हा चित्रपट आला, तिची कथा चर्चेत आली आणि २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. छायाचित्रावरून ओळखलेले बिहारमधील कुटुंब तिचे नव्हते हे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतर ती इंदूरला राहिली.

तिचा शोध पुढे ज्या रीतीने लागला ती रीत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या इंदूरच्या आनंद सर्व्हिस सोसायटीने तिच्याकडून खुणांनी तपशील काढले: रेल्वे स्थानक, जवळचा दवाखाना, देऊळ, नदी, ऊस आणि भुईमुगाची शेते. या तपशिलांवरून मराठवाडा आणि तेलंगणाचा पट्टा ठरला, डिसेंबर २०२० मध्ये तिला घेऊन प्रत्यक्ष प्रवास झाला, परभणीच्या एका संस्थेने पुढचा धागा जोडला आणि आईची ओळख पटल्याचे मार्च २०२१ मध्ये बिल्किस ईधी यांनी जाहीर केले. मुलीचे घरचे नाव राधा होते.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीवरून आणि मग जालन्यावरून जाते. शोध घेणाऱ्यांचा तर्क बरोबर असेल तर ही लेकरू मुलगी आपल्या जालन्याच्या फलाटावरून पुढे गेली. परभणी ते लाहोर या वाटेत किती स्थानके, किती तिकीट तपासनीस, किती रेल्वे पोलीस येतात, शेवटी अटारीची तपासणी येते, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. कोणी तिला हटकलेच नसेल असे म्हणवत नाही. पण हटकणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘नाव काय, गाव कोणते?’ हाच असणार, आणि ह्याच दोन प्रश्नांची उत्तरे तिच्याजवळ नव्हती. नाव ही ऐकून कळणारी गोष्ट आहे. ज्याने स्वतःचे नाव कधी ऐकलेच नाही आणि ज्याला लिहायला शिकवले गेले नाही, तो ते सांगणार कसे? गाव तिला ठाऊक होते, आणि चांगले ठाऊक होते. पण ते स्थानक, देऊळ, नदी आणि उसाचे फड अशा रूपात. नाव आणि गाव या रकान्यांनी सुरू होणाऱ्या कागदात तिला ठाऊक असलेल्या गोष्टींना जागा नव्हती. जे रकाने भरले गेले नाहीत ते भरायला पुढची वीसेक वर्षे गेली.

दुभाषी कोणाचा?

दुसरी घटना मुंबईची. ऑगस्ट २०२४ मध्ये दादर स्थानकात रेल्वे पोलिसांना एका बॅगेत मृतदेह सापडला. आरोपी म्हणून ज्यांना पकडले ते कर्णबधिर होते आणि मृत तरुणही कर्णबधिर होता. रात्रीची वेळ, चौकशी तातडीची, आणि आरोपींशी बोलू शकेल असे ठाण्यात कोणी नाही. अखेर एका पोलीस शिपायाने आपल्या मुलाला बोलावले. तो मुलगा स्वतः कर्णबधिर. त्याच्या मदतीने पोलिसांना हकीकत कळली आणि तपास पुढे सरकला. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण कौतुक ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. त्या रात्री त्या शिपायाची पाळी नसती तर? भारताच्या आर्थिक राजधानीत, अत्यंत गजबजलेल्या स्थानकात, गंभीर गुन्ह्याच्या आरोपींचे म्हणणे पहिल्यांदा समजते ते एका पोलिसाच्या घरातल्या योगायोगामुळे. आरोपीच्या बाजूनेही विचार करावा लागेल. खुनाचा आरोप असलेल्या माणसाचे म्हणणे पोलिसाच्या मुलाकरवी पोलिसाला कळते. मुलाच्या सचोटीबद्दल तिळमात्र शंका न घेताही म्हणता येईल, की ही व्यवस्था नव्हे.

दुभाषी कोण असावा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २०१२ साली राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग या प्रकरणात आला होता. खुनाची प्रत्यक्ष साक्षीदार एक कर्णबधिर स्त्री होती आणि तिच्या खुणांचा अर्थ सांगणारे तिचे वडील होते. न्यायालयाने कर्णबधिर व्यक्ती सक्षम साक्षीदार आहे हे निःसंदिग्धपणे मान्य केले. त्याबरोबर तीन गोष्टी सांगितल्या. दुभाषी शक्यतो त्याच परिसरातला असावा, पण प्रकरणात त्याचा हितसंबंध नसावा. त्याला शपथ दिली जावी. आणि नोंद खुणांची व्हावी, नुसत्या अर्थाची नव्हे. या कसोटीवर ती साक्ष टिकली नाही आणि उच्च न्यायालयाने दिलेली निर्दोष सुटका कायम राहिली.

या तीनही अपेक्षा न्याय्य आहेत. पण त्या टेंभुर्णीत आणून पाहाव्यात. शहरातल्या शाळेत गेलेला, इतर कर्णबधिरांत वावरलेला तरुण भारतीय सांकेतिक भाषा जाणतो. ती स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. हातवाऱ्यांनी केलेले मराठी नव्हे. खेड्यातल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाजवळ बहुधा ती नसते. त्याच्याजवळ घरच्या खुणा असतात. बैलासाठी एक, थोरल्या भावासाठी एक, मिशीवरून ओळखायच्या सावकारासाठी एक. या खुणा आईला कळतात, बहिणीला कळतात, फार तर शेजारणीला. जालन्याहून आणलेला शिक्षित दुभाषीही तिथे पहिल्या दिवशी अडतो. मग ज्यांना खुणा कळतात त्यांचा हितसंबंध असतो, आणि ज्यांचा हितसंबंध नसतो त्यांना खुणा कळत नाहीत. शेताच्या बांधावरून भावाने मारले असेल आणि दुभाषी म्हणून आईच उभी असेल, तर ती कोणत्या लेकराचे म्हणणे सांगेल?

या पेचातून वाट आहे, आणि दादरच्या घटनेने ती अजाणता दाखवून दिली. खुणांच्या जगात वाढलेला कर्णबधिर माणूस अनोळखी खुणाही ऐकू येणाऱ्यापेक्षा लवकर पकडतो. असा कर्णबधिर दुभाषी आणि त्याची सांकेतिक भाषा मराठीत सांगणारा दुसरा दुभाषी, अशी दुहेरी साखळी इतर काही देशांत वापरली जाते. तिला वेळ लागतो, आणि चित्रीकरण केल्याखेरीज तिचा उपयोग नाही. पण चित्रीकरण असले की खुणांची नोंद करा ही न्यायालयाची अपेक्षा आपोआप पुरी होते आणि आईने सांगितलेला अर्थ पुढे कोणालाही तपासता येतो.

नवे कायदे आणि जुनी सवय

गेल्या काही वर्षांत कायदा बराच पुढे आला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने कलम ११९ मध्ये दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरण बंधनकारक झाले. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १२५ म्हणून आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्याच २०१३ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा ठाण्याच्या पायरीवर पाऊल ठेवले: लैंगिक अत्याचारासारख्या ठरावीक गुन्ह्यांत पीडित व्यक्ती अपंग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह माहिती नोंदवायची. हा बदल मोठा आहे. पण चोरी, मारहाण, बुडवलेली मजुरी, बांधाचे भांडण, म्हणजे टेंभुर्णीच्या माणसाला ज्या कारणांनी ठाण्याची पायरी चढावी लागते त्यांतली बहुतेक कारणे, त्या यादीत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १२ ने न्याय मिळवण्याचा हक्क आणि आपल्या पसंतीच्या भाषेत साक्ष नोंदवण्याची सोय सांगितली. कलम ७ ने अत्याचाराची तक्रार घेणाऱ्या पोलिसाने तक्रारदाराला त्याचे हक्क आणि मोफत कायदेशीर मदतीची माहिती द्यावी असे म्हटले. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘असुरक्षित साक्षीदार’ या व्याख्येत वाचा वा श्रवणदोष असलेल्यांचा समावेश केला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयात एका कर्णबधिर वकील स्त्रीने दुभाष्याच्या मदतीने आपली बाजू मांडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत असे ठरले. ज्याला लिहिता-वाचता येत नाही आणि ज्याच्या भाषेला लिपी नाही, त्याला ती कशी द्यायची, हे कोणीतरी ठरवावे लागेलच.

जुनी सवय मात्र कायद्याने लगेच जात नाही. मौन म्हणजे संमती, ही आपली शहाणपणाची समजूत आहे. ठाण्यात मौन म्हणजे उद्धटपणा किंवा कबुली होते. ज्यांना कमी ऐकू येते, विशेषतः वयस्कर माणसे, त्यांची अडचण आणखी वेगळी. समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटतो म्हणून ती मान हलवतात. दुकानात, लग्नात, नातवंडांसमोर त्या मान हलवण्याने काही बिघडत नाही. चौकशीत तीच मान होकार म्हणून लिहिली जाते. अशा माणसाकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसते, त्याचे कान बाहेरून धड दिसतात, आणि त्याला ऐकू आले नाही हे खुद्द त्याच्याशिवाय कोणालाही कळत नाही.

आज्ञा ऐकली नाही म्हणजे मोडली, असा समज शस्त्रधारी पोलिसाने करून घेतला तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले आहे. सिएटलमध्ये २०१० साली लाकूड कोरणाऱ्या, एका कानाने ऐकू न येणाऱ्या माणसावर काही क्षणांत गोळ्या झाडल्या गेल्या. ओक्लाहोमा सिटीत २०१७ साली शेजारी ‘त्याला ऐकू येत नाही’ असे ओरडत असताना कर्णबधिर माणूस मारला गेला. आपल्याकडे शिपायाच्या हाती बहुधा काठी असते, बंदूक नसते. म्हणून परिणाम सौम्य, कारण तेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या कर्णबधिरांना वाहन परवान्याचा मार्ग मोकळा केल्यापासून नाकाबंदीवर शिट्टी न ऐकणारा दुचाकीस्वार ही अशक्य गोष्ट राहिलेली नाही. शिट्टीबरोबर हात किंवा दिवा दाखवायला खर्च येत नाही.

काय करता येईल

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांना श्रवणदोष असल्याचे नोंदले गेले. ही संख्या एखाद्या लहान भाषेच्या भाषकांएवढी आहे, आणि भाषिक समाज म्हणूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. इंदूरच्या तुकोगंज ठाण्यात कर्णबधिरांसाठी मदत केंद्र चालवून दाखवले गेले आहे. म्हणजे साधने नाहीत असे म्हणता येत नाही. ती ठाण्याशी जोडलेली नाहीत.

जोडण्यासाठी फार मोठी योजना लागणार नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात, वेळी-अवेळी दूरध्वनीच्या पडद्यावर बोलू शकतील अशा दुभाष्यांची यादी असावी, आणि त्यात कर्णबधिर दुभाषी असावेत. त्यांना मानधन मिळावे, म्हणजे कोणा शिपायाच्या मुलाला झोपेतून उठवावे लागणार नाही. पोलीस पाटलाला आपल्या गावातली कर्णबधिर माणसे सहसा माहीत असतात. त्यांच्या घरच्या खुणा कोणाला कळतात आणि त्यांपैकी नात्याबाहेरचे कोण, एवढे त्याने ठाण्याला कळवून ठेवावे. गुन्हा कोणताही असो, कर्णबधिर माणसाचे सांगणे आधी चित्रित व्हावे आणि मग लिहिले जावे. ‘अनोळखी मुका इसम’ अशी नोंद करण्याऐवजी त्याच्यापुढे कागद, पेन्सिल आणि परिसराची चित्रे ठेवावीत; गीताच्या बाबतीत स्थानक आणि उसाच्या फडानेच वाट दाखवली होती.

आणि जबाबाचे ते शेवटचे वाक्य बदलावे. ‘माझे सांगणे अमुक दुभाष्याकरवी अमुक खुणांनी झाले, त्याचे चित्रण केले आहे, लिहिलेले मला खुणांनी परत सांगितले आणि ते मला समजले,’ असे वाक्य लिहायला दोन ओळी जास्त लागतील. पण ते लिहायचे ठरले की त्यातला प्रत्येक शब्द खरा करावा लागेल: दुभाषी आणावा लागेल, चित्रण करावे लागेल, परत सांगावे लागेल. नमुन्यातले वाक्य बदलणे हे काम गृहखात्याचे आहे हे खरे. ते वाक्य मराठीत आहे, म्हणून थोडेसे आपलेही आहे.